हंगाम ऑक्टोबरचा, हिशेब एप्रिलचा

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमध्ये मालकाने 'यंदा कापूस किती घेतला?' असं विचारलं, तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमधलं वर्ष एप्रिल ते मार्च. खरेदी बघणाऱ्याचं 'यंदा' वेगळं, हिशेबनिसाचं वेगळं. मापांचीही हीच तऱ्हा. कापूस क्विंटलने येतो, रुई १७० किलोच्या गाठीत बांधली जाते आणि सूतगिरणीशी सौदा साधारण ३५६ किलोच्या खंडीवर ठरतो.

सगळी माहिती एका संगणकात ओतली की डेटा वेअरहाउस, म्हणजे ठिकठिकाणची माहिती जुळवून ठेवणारं कोठार, तयार झालं, हा सर्वांत जुना गैरसमज इथेच उघडा पडतो. काट्याच्या पावत्या, टॅली आणि प्रेसच्या रजिस्टरातल्या गाठी एकत्र आणणं सोपं. अवघड असतं ते एकमत. उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, आल्या वजनावर काढायचा की ओलावा वजा करून? हा प्रश्न किरकोळ नाही. उतारा एका टक्क्याने इकडेतिकडे झाला, तर १० हजार क्विंटल कापसामागे १०० क्विंटल रुईचा, म्हणजे जवळपास ५९ गाठींचा फरक पडतो. दोन पद्धतींनी काढलेले उतारे एकाच आलेखात मांडले की गाठी गेल्या कुठे, याचा संशय भलत्याच माणसावर जातो.

दुसरी गोष्ट जुन्या नोंदींची. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ८,११० झाला. रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा दर भरला की जुना बऱ्याचदा पुसला जातो; मग गेल्या हंगामाचा अहवाल पुन्हा काढला तर तो नव्या दराने येतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. वेअरहाउसमध्ये दर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होता, हे दरासोबत राहतं. डेटा वेअरहाउसचे जाणकार राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या पुस्तकात यासाठी सांगितलेल्या पद्धती आजही तशाच वापरात आहेत.

तरीही 'वेअरहाउस आता संपलं' असं सर्रास ऐकू येतं. संपलं ते त्याचं जुनं, महागडं रूप. १९८८ मध्ये आयबीएमच्या डेव्हलिन आणि मर्फी यांनी ही कल्पना मांडली, १९९२ मध्ये बिल इनमन यांच्या पुस्तकाने ती रुजवली. तेव्हा साठवण महाग होती, म्हणून माहिती आधी चाळून, घासूनपुसून मगच आत घ्यायची. २०१० मध्ये जेम्स डिक्सन यांनी 'डेटा लेक', म्हणजे माहितीचं तळं, हे नाव दिलं: येईल ते आहे तसं साठवा, अर्थ नंतर लावू. तो 'नंतर' बऱ्याच ठिकाणी उजाडलाच नाही आणि तळ्याची दलदल झाली. पुढे बिगक्वेरी, स्नोफ्लेकसारख्या सेवांनी साठवण आणि गणन वेगळं केलं, त्यामुळे कच्ची माहिती आधी भरून मग आतच घडवणं परवडू लागलं. आता 'लेकहाउस'मध्ये स्वस्त फाइलींवरच वेअरहाउसची शिस्त बसवतात. यंत्रं बदलली, 'यंदा' म्हणजे काय, हे मात्र माणसांनीच बसून ठरवायचं.

हे सगळं टाटा-रिलायन्सचं काम, आपल्याला काय करायचंय? असंही म्हटलं जातं. समजा, जिनिंगमध्ये दिवसाला ३०० गाड्या आणि खरेदीचे १५० दिवस धरले, तर वर्षाच्या ४५ हजार नोंदी होतात. दहा वर्षांच्या साडेचार लाख. एक्सेलच्या एका शीटमध्येच १०,४८,५७६ ओळी मावतात. डकडीबीसारखं फुकट सॉफ्टवेअर एवढा हिशेब साध्या लॅपटॉपवर क्षणात करतं. विक्रेत्याने एवढ्यासाठी क्लाउडचं मोठं पॅकेज पुढे केलं तर सरळ नाही म्हणावं.

'रिअल टाइम'चं वेडही तसंच. यूपीआयतली फसवणूक सेकंदात पकडायला हवी, हे मान्य. पण उताऱ्याचा आढावा जर दुसऱ्या दिवशी सकाळीच घेतला जाणार असेल, तर रात्री एकदा भरलेली माहिती पुरते.

सगळ्यात ताजा समज एआयचा: मराठीत विचारा, उत्तर मिळेल, वेअरहाउस कशाला? समजा विचारलं, 'सेलूहून किती कापूस आला?' सेलू वर्ध्यात आहे आणि परभणीतही. आष्टी वर्ध्यात आहे, बीडमध्येही. कारंजा घाडगे वर्ध्याचं, कारंजा लाड वाशीमचं. वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी तिघांची नावं अशी दुसरीकडेही आहेत. नोंदीत जिल्हाच नसेल तर एआय दोन्ही सेलूंची बेरीज करून ठणठणीत आत्मविश्वासाने आकडा देतं, आणि तो खोटा वाटतही नाही. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक तालुक्याला आणि गावाला स्वतंत्र कोड आहे. काट्यावरच्या संगणकात गावाचं नाव टाइप करण्याऐवजी यादीतून निवडायला लावलं आणि मागे तो कोड साठवला, तर हा घोटाळा पावती फाडतानाच टळतो.