शाळेचं आहे, चालतंय की!

शाळेचे प्रकल्प वहीतून गूगल डॉक्स आणि कॅनव्हावर गेले, तशा काही समजुतीही रूढ झाल्या. सगळ्यात घट्ट बसलेली समजूत म्हणजे गूगलवर मिळालेलं चित्र फुकट असतं. गूगल फक्त चित्राचा पत्ता सांगतं, मालक वेगळाच असतो. रायगडाचा फोटो हवा असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधावा. तिथे प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. ‘सीसी बाय-एसए’ असेल तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना नमूद करायचा, बदल केला असेल तर तेही सांगायचं आणि बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं.

काही शिक्षक मात्र उलट टोकाला जाऊन कॉपीराइटचा उगाच बाऊ करतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स संचांवर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखे प्रकाशक न्यायालयात गेले, तेव्हा 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच सुटीचा व्यापक अर्थ लावला. स्नेहसंमेलनात मुलांनी गाजलेलं नाटक बसवलं आणि समोर शाळेतलीच मंडळी व पालक असले, तर तेही याच कलमात बसतं. खरी गोम पुढे आहे. त्याच नाटकाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की प्रेक्षक पालकांपुरते उरत नाहीत, आणि ती सूट गृहीत धरता येत नाही. हौसेने अपलोड करणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

‘खाली लेखकाचं नाव टाकलंय ना?’ नाव देणं हा सभ्यपणा झाला, परवानगी नव्हे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ 2011 पासून सर्वांना खुलं आहे. शाळेने त्याचं ई-बुक करून वाटलं तरी हरकत नाही. पु. ल. 2000 मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क 2060 अखेरपर्यंत आहे.

सामायिक फाइलची लिंक ‘फक्त आपल्या ग्रुपवर’ टाकली म्हणून ती तिथेच राहत नाही. ‘एनीवन विथ द लिंक’ आणि ‘एडिटर’ हे दोन पर्याय एकत्र निवडले असतील, तर लिंक हाती लागलेला कुणीही मजकूर पुसू शकतो. गटातल्या मुलांचे ईमेल घालून त्यांनाच एडिटर करावं, बाकीच्यांना ‘कमेंटर’ पुरे.

राहिली जुनी तक्रार: राबतो एक, मार्क सगळ्यांना. गूगल डॉक्सच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त कुणी, केव्हा, काय लिहिलं ते वेगवेगळ्या रंगांत दिसतं. रात्री साडेअकराला एकदम चिकटवलेली तीन पानंही लपत नाहीत. पण तेवढ्यावर मार्क कापू नयेत. अनेक घरांत फोन एकच, तोही वडिलांचा. तिघांनी मिळून लिहिलेलं तिथे एकाच्याच नावावर दिसतं. अशा वेळी प्रत्येकाला त्याच्या भागावर तोंडी दोन प्रश्न विचारावेत.