निकेलने केली खोडी!

जर्मनीत म्युलहाइम नावाचं एक शहर आहे. तिथल्या कोळसा संशोधन संस्थेचे संचालक होते कार्ल त्सीग्लर. संस्था कोळशाची, पण साहेबांना वेड ॲल्युमिनियमच्या संयुगांचं! त्यातलं एक म्हणजे ट्रायइथाइल ॲल्युमिनियम. दिसायला पाण्यासारखं, पण महा तापट. हवा लागायचा अवकाश, की पेटलंच!

या तापट पठ्ठ्याला इथिलीन वायू दिला, की इथिलीनचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन साखळी तयार व्हायची. अशी हजारो रेणूंची साखळी म्हणजे पॉलिथीन. पण त्सीग्लरांची साखळी तेवढी लांब होईचना. एकदा तर एरहार्ड होल्त्सकाम्प या विद्यार्थ्याला भलतंच काही मिळालं. साखळी नाहीच, नुसत्या दोन-दोन रेणूंच्या जोड्या!

असं का झालं? शोधाशोध सुरू झाली आणि चोर सापडला. भांड्यात निकेलचा अगदी सूक्ष्म अंश राहून गेला होता. तोच साखळी तोडत होता.

दुसऱ्या कुणी भांडं घासूनपुसून विषय संपवला असता. यांनी मात्र विचार केला, एक धातू खोडी काढतो, तर बाकीचे काय करत असतील? मग एकेक धातू ॲल्युमिनियमच्या जोडीला बसवून बघायला सुरुवात झाली. १९५३ मध्ये झिर्कोनियमने कमाल केली. पाठोपाठ टायटॅनियमने तर धमालच उडवली! पांढऱ्याशुभ्र पॉलिथीनने भांडं भरू लागलं.

या कामात ॲल्युमिनियम टायटॅनियमला तयार करतं आणि साखळी वाढते ती टायटॅनियमवर. तीही कशी? आगगाडीला नवा डबा शेवटी न जोडता दरवेळी इंजिनाला लागूनच जोडावा, तशी!

पॉलिथीन इंग्लंडमध्ये १९३३ सालीच सापडलं होतं. पण ते बनवायला हवेच्या हजारपटीहूनही जास्त दाब लागायचा आणि साखळीला इकडेतिकडे फांद्या फुटायच्या. त्सीग्लरांचं काम साध्या दाबातही होऊ लागलं, अगदी काचेच्या बरणीत! शिवाय साखळ्या सरळसोट. त्या एकमेकींना चिकटून दाटीवाटीने बसतात, म्हणून हे प्लास्टिक जास्त कडक. १९६३ मध्ये त्सीग्लर आणि इटलीचे जुलिओ नात्ता यांना नोबेल मिळालं.

आता शाम्पूची रिकामी बाटली उलटी करा. तळाला त्रिकोणात २ दिसला, तर ते सरळ साखळ्यांचं पॉलिथीन. मऊ पिशवीवर ४ दिसला, तर फांद्यावालं. घरात कोणतं जास्त निघतंय?