सकाळी आठ ते रात्री आठ

सकाळी पावणेआठच्या सुमाराला कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर किंवा औंधच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी पाच मिनिटे थांबले, तरी पाळी बदलताना दिसते. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि घरात घालायचा जास्तीचा ड्रेस घेऊन बायका पीएमपीच्या बसमधून उतरतात, वॉचमनच्या वहीत नाव लिहितात आणि लिफ्टकडे वळतात. रात्रभर जागलेल्या दुसऱ्या काही जणी त्याच फाटकातून बाहेर पडतात. भोंगा होत नाही, हजेरीचे कार्ड नसते. पण या बायका आल्या नाहीत, तर वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी आजी-आजोबांचे तोंड धुणे, औषध आणि नाश्ता अडून राहतो.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा भान हरपलेल्या वृद्धांना सांभाळण्याचे हे काम पुण्यात आता मोठा व्यवसाय झाले आहे. ते करणाऱ्या बाईला घरात मावशी किंवा ताई म्हणतात, पुरुषाला दादा किंवा मामा. काम बारा तासांचे असते, नाहीतर चोवीस तासांचे, म्हणजे त्याच घरात राहून करायचे. माणूस बहुधा ‘ब्युरो’कडून येतो. औषधांच्या दुकानाच्या काचेवर, रिक्षाच्या मागे, रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर या ब्युरोंचे फोन नंबर चिकटवलेले दिसतात. रुग्णालयातून घरी सोडण्याचा कागद हातात पडला की नातेवाइकांची पहिली धावाधाव या नंबरांकडे असते.

पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणण्याची रीत जुनी आहे. आता त्या पेन्शनरांचे वय वाढले आणि मुले दूर गेली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो की २०५० पर्यंत भारतात दर पाच माणसांमागे एक साठीच्या पुढचे असेल. पुण्यातल्या अनेक इमारतींत ते आत्ताच तसे आहे. परदेशी असलेल्या मुलांच्या आईवडिलांची स्वतंत्र संघटनाही या शहरात आहे. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी बंगळूरला, आणि पक्षाघात झालेल्या वडिलांची कूस बदलायला जिंतूर किंवा उदगीरकडून आलेली एक बाई, हे चित्र पुण्यात नवलाचे राहिलेले नाही.

कूस बदलणे ऐकायला सोपे वाटते. सत्तर किलो वजनाचा, एक बाजू लुळी पडलेला माणूस एकट्याने वळवायचा असतो. जाणती मावशी त्याला ओढत नाही. ज्या कुशीवर वळवायचे त्या बाजूला ती उभी राहते, त्याचा पलीकडचा हात छातीवर आणते, पलीकडचा गुडघा उभा करते. मग एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे ठेवून, स्वतःचे गुडघे वाकवून त्याला आपल्याकडे वळवते. शरीर स्वतःच्या वजनाने वळते, ती फक्त दिशा देते. पाठीशी एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. सरकवायचे असेल तर अंगाखाली आडवी घडी घातलेली चादर धरून उचलायचे. माणूस फरफटत नेला की म्हातारी, कागदासारखी पातळ कातडी सोलवटते.

हे साधारण दर दोन तासांनी करायचे असते, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती, जिथे हाडावर मांस कमी, तिथला रक्तपुरवठा दाबाने थांबतो आणि जखम तयार होते. पहिली खूण म्हणजे लालसर चट्टा. त्यावर बोट दाबून सोडले आणि चट्टा फिकट झालाच नाही, तर आत इजा सुरू झालेली आहे. घरातली माणसे प्रेमाने त्यावर तेल चोळतात, आणि तिथेच नुकसान वाढते. मावशी सांगते, ‘‘चोळू नका, त्या अंगावर झोपवायचंच नाही आता.’’ बेडसोअर एकदा खोल गेला की भरायला महिने लागतात, आणि त्यातून जंतुसंसर्ग रक्तात गेला तर जीवही जातो. पाठ स्वच्छ राहिली तर ती कोणाला दिसत नाही. या व्यवसायातले उत्तम काम असे न दिसणारेच असते.

भरवण्याचेही तसेच आहे. घाईत, मान मागे टेकलेली असताना पेज पाजली, तर ती श्वासनलिकेत उतरते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया निघतो. म्हणून पाठ उभी हवी, हनुवटी किंचित खाली हवी, आणि पहिला घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. नाकातून नळी असेल तर जेवण झाल्यावरही निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. लघवीची पिशवी कमरेच्या वर उचलायची नाही. व्हीलचेअरवर बसवण्याआधी ब्रेक लावायचा. एकेक नियम साधाच, पण बारा तासांत त्यातला एकही विसरून चालत नाही.

या सगळ्याची नोंद एका वहीत असते. शाळेच्या दोनशे पानी वहीत पट्टीने रकाने आखलेले असतात: वेळ, बीपी, शुगर, ताप, किती पाणी गेले, लघवी किती, शी झाली का, कोणते औषध दिले. रात्रीची मावशी जाते तेव्हा सकाळची ती वही वाचते. ‘‘पहाटे दोनदा उठले, खोकला होता, गोळी दिली नाही, घरच्यांना विचारून द्या’’ असे वाक्य तिच्या वळणदार किंवा वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेले सापडते. घरी येणारे डॉक्टर आधी हीच वही मागतात, आणि कधी कधी औषधाचा डोस याच वहीतल्या चार ओळींवरून बदलतो.

वृद्धांची सोय करणे पुण्याला नवे नाही. नव्या पेठेतले ‘निवारा’ हे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह १८६० च्या दशकातले, म्हणजे दीडशे वर्षांहून जुने आहे. शुश्रूषेला व्यवसायाचे रूप मिळाले ते पुढे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तिथल्या स्त्रिया, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या माणसाचे अंग पुसण्याचे काम घरंदाज बाईने करावे का, असे विचारणारा तो काळ होता. परिचारिकेने तो प्रश्न मागे टाकला. तिला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, परिचर्या परिषदेची नोंदणी मिळाली. घरोघरच्या मावशीला यातले काहीच मिळालेले नाही.

शहर म्हातारे होऊ लागल्याची जाणीव पुण्यात तशी लवकर झाली. डॉ. विनोद शहा यांनी १९८८ मध्ये जनसेवा फाउंडेशन सुरू केले. पानशेतच्या वाटेवर आंबी गावात संस्थेचा वृद्धाश्रम आहे आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचे राज्यातले काम तिच्याकडे आहे. शरच्चंद्र गोखले यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये इंटरनॅशनल लाँजिव्हिटी सेंटरची भारतातली शाखा पुण्यात निघाली. त्याच सुमाराला परांजपे स्कीम्सने ‘अथश्री’ ही खास ज्येष्ठांसाठीची वसाहत बांधली. उंबरे नाहीत, न घसरणाऱ्या फरशा, भिंतीला धरायचे दांडे, खाली भोजनगृह अशी ही घरांची नवी तऱ्हा मध्यमवर्गाने पटकन स्वीकारली. पण घर कितीही सोयीचे असले, तरी आंघोळ घालायला शेवटी माणूस लागतोच.

तो माणूस शिकतो कुठे? बहुतेकांचे उत्तर ‘काम करता करता’ असेच आहे. काही जणी खासगी रुग्णालयात आया होत्या, तिथे सिस्टरांचे बघून शिकल्या. काहींनी आपल्या सासूचे केले होते, तोच अनुभव. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ नावाचा सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहे आणि तो केलेल्या मुली रुग्णालयात टिकतातही. घरोघरच्या कामात मात्र प्रमाणपत्राला वेगळा भाव मिळत नाही, म्हणून ते घेण्याची ओढही राहत नाही. वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरने या बाबतीत एक चांगली वाट दाखवली आहे. १९९७ पासून तिथे कर्करुग्णांची शुश्रूषा विनामूल्य होते, आणि रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, हे शिकवून घरी पाठवले जाते. हेच शिक्षण वस्तीतल्या मावशीपर्यंत गेले पाहिजे. ते अवघड नाही, खर्चिकही नाही.

सगळ्यांत कठीण कसोटी स्मृतिभ्रंशाच्या घरात लागते. साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज देशव्यापी अभ्यासातून निघाला आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. संध्याकाळ झाली की यांतल्या अनेकांची अस्वस्थता वाढते. चाळीस वर्षे राहत असलेल्या घरात आजी पदर खोचून दाराशी उभ्या राहतात: ‘‘मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल.’’ मुलगा समजावतो की आई, हेच तुझे घर, आणि आजी चिडतात, रडतात, हात उगारतात. मावशी वाद घालत नाही. ‘‘जाऊ या की आजी. चहा टाकलाय, तेवढा घेऊ आणि निघू. तुमच्या घरी अंगण होतं ना मोठं?’’ अंगण, विहीर, पारिजातक निघता निघता चहा होतो, दिवे लागतात आणि दार विसरले जाते. स्मृतिभ्रंशाच्या तज्ज्ञांचा सल्लाही असाच असतो: रुग्णाला खोटे पाडू नका, त्याच्या भावनेला उत्तर द्या. मावशीने तो कुठे वाचलेला नसतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात हे मर्म नेमके पकडले आहे. मोहन आगाशे यांनी साकारलेल्या, भान हरपलेल्या संस्कृत पंडिताला रस्त्यावर सांभाळून घेते ती माहुताची बायको. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला रोगाचे नाव ठाऊक नाही, पण समोरचा म्हातारा लेकरू झाला आहे एवढे तिला कळते.

हे कौतुक खरे आहे, पण मोबदल्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. रुग्णाकडून घेतलेल्या पैशातून ब्युरो आपला वाटा कापून घेतो. लेखी करार बहुधा नसतो, भविष्यनिर्वाह निधी किंवा विमा क्वचितच. पाठदुखी हा तर या धंद्याचाच आजार आहे आणि त्याचे औषधपाणी ज्याचे त्याने करायचे. चोवीस तासांच्या कामात सलग झोप किती मिळणार, झोपायला जागा कुठली, जेवण घरचे की स्वतःचे, सुट्टी कधी, हे सगळे त्या त्या घराच्या मर्जीवर. काही घरांत तिला ताटाला ताट लावून वाढतात. काही घरांत तिचा कप अजून वेगळा असतो. एकट्या बाईने परक्या घरात रात्र काढायची म्हणजे सुरक्षिततेची धास्तीही सोबत असते. रुग्णाकडून मार आणि शिव्या मिळतात त्या ती आजार म्हणून सोसते. नातेवाइकांकडून चोरीचा संशय आला, की मात्र तिला रडू फुटते.

१९८० मध्ये याच शहरात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यामागे अशा लढ्यांची पुण्याई आहे. पण रुग्ण सांभाळणारी मावशी घरकामगारही धरली जात नाही आणि आरोग्यसेविकाही नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात गरजू वृद्धांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्यांचा विचार त्यात नाही. तो विचार डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होता. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसेच नेमावीत, असे त्यात म्हटले होते. ते विधेयक मंजूर झाले नाही. आजही कोणी ठरवले, तर उद्या सकाळी ब्युरो उघडू शकतो.

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येक जण त्यात पैसे भरतो, म्हणून म्हातारपणी घरी येणाऱ्या मदतनिसाचा बराचसा खर्च निघतो आणि या कामासाठी राष्ट्रीय परीक्षाही आहे. आता त्या देशांना माणसे कमी पडत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात रुग्णसेवेची कामेही आहेत. स्टुटगार्टमधल्या आजींसाठी मराठी मुलांना भाषेपासून सगळे शिकवायची तयारी सरकार दाखवते, ही चांगलीच गोष्ट आहे. सदाशिव पेठेतल्या आजींसाठीही तेवढीच तयारी हवी.

गौरी-गणपतीत आणि दिवाळीत मावश्या गावी जातात, तेव्हा ब्युरोच्या फोनवर माणूस मिळत नाही. मुलगा, सून, नातू आळीपाळीने रात्री जागतात. मावशी परतली की काही घरांत पगार वाढतो, काही घरांत आठवड्याची सुट्टी ठरते.

आणि पेशंट गेला की काम त्याच दिवशी संपते. दीड-दोन वर्षे ज्या आजींचे केस विंचरले, त्यांचे अंग शेवटचे पुसून देणारी बहुधा तीच असते. नोटिशीचा महिना नाही, दुखवट्याची रजा नाही. कोणी कृतज्ञतेने साडी आणि महिन्याचा पगार देतात, कोणी झालेल्या दिवसांचा हिशेब करतात. दोन-तीन दिवसांत ब्युरोचा फोन येतो: औंध, तिसरा मजला, लिफ्ट आहे, आजोबा, पॅरालिसिस, दिवसपाळी. मावशी लगेच हो म्हणत नाही. ती विचारते, ‘‘वजन किती आहे? कुठली बाजू गेलीय? गिळता येतं का? एअर बेड आणलाय का? आधीची बाई का सोडून गेली?’’