घड्याळ मध्येही चालूच असते

वाचकहो, तुमचा मुलगा लहानपणी विहिरीत पोहायला शिकला, शाळेला सायकलने गेला आणि आता भरतीसाठी पहाटे धावतो. म्हणजे ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीचे तीनही भाग त्याला थोडेफार येतातच. आधी पोहायचे, मग सायकल, शेवटी धावायचे. सन २००० पासून ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आहे. तेथे अंतरे १.५, ४० आणि १० किलोमीटर असतात. नवशिक्याने याच्या निम्म्या अंतरापासून सुरुवात करावी.

पण पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पायांवर येताना जो वेळ जातो, तोही शर्यतीतच धरतात. तेथे कोणी दम खायला थांबू देत नाही.

२०१२ साली लंडनला काय झाले पाहा. ब्राउनली हे दोघे सख्खे भाऊ एकाच शर्यतीत उतरले होते. थोरल्या अ‍ॅलिस्टरने सुवर्णपदक घेतले. धाकटा जोनाथन ठरलेल्या रेषेच्या अलीकडेच सायकलवर चढला. त्याबद्दल धावण्याच्या टप्प्यात त्याला १५ सेकंद नुसते उभे केले. दुसरा आलेला स्पेनचा गोमेझ त्याच्या २० सेकंदच पुढे होता. जोनाथनला कांस्यपदक मिळाले, पण दोन पावलांची घाई केवढ्याला पडली!

तेव्हा सामान आधी मांडावे. वाफसा आल्यावर पाभरीचे चाडे शोधत फिरणाऱ्याला काय म्हणतात, ते तुम्हांला सांगायला नको. सायकलशेजारी टॉवेल अंथरून त्यावर बूट तोंड उघडे करून ठेवावेत. नाडीऐवजी रबरी नाडी असली तर गाठ मारण्याचा वेळ वाचतो. बुटात थोडी पावडर टाकली की ओला पाय अडत नाही. हेल्मेट उलटे, पट्टे बाहेर सोडून ठेवावे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल जागेवरून काढायची नाही; परतल्यावर सायकल जागेवर लावूनच पट्टा सोडायचा. हा नियम पुष्कळजण घाईत मोडतात आणि दंड भोगतात.

शरीरालाही बदल कळावा लागतो. पाण्यात आपण आडवे असतो. बाहेर येऊन एकदम पळू लागले की रक्त पायांकडे उतरते आणि गरगरते. म्हणून काठ जवळ आला की पाय जरा जोराने मारावेत. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात. भिऊ नये. शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करून पायडल भराभर फिरवावे, धावताना सुरुवातीला पावले आखूड टाकावीत. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच दहा मिनिटे धावण्याचा सराव ठेवला, की पाय पुढेपुढे कुरकुर करीत नाहीत.

आयाबायांनो, मुलाला किंवा मुलीला वाहत्या कालव्यात एकटे उतरू देऊ नका. पोहणारे माणूस काठावर हवेच. बदलाचा सराव मात्र घरीच होतो. खळ्यावर दोन मेढींना आडवा बांबू बांधा, त्याला सायकल टेकवा, फक्कीने रेषा आखा. अंगावर बादलीभर पाणी ओतून पोराला पळत येऊ द्या. हेल्मेट, बूट, सायकल, रेषा. घड्याळ हातात धरून सेकंद मोजायला आजीलाही बसवता येते, आणि पट्टा लावायचा राहिला तर तिच्याच आधी लक्षात येईल.