करवीरच्या जुन्या पेठांतील मुक्काम : परंपरा, स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

कोल्हापुरास येणारा प्रवासी बहुधा एका दिवसाचा पाहुणा असतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी जोतिबा किंवा पन्हाळा, सायंकाळी रंकाळा आणि रात्री परतीची गाडी, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. या क्रमात मंदिर पाहिले जाते. परंतु ज्या वस्तीने ते मंदिर शतकानुशतके सांभाळले, ती पाहावयाची राहून जाते. जुन्या पेठांत मुक्काम केल्याने काय साधते आणि त्या मुक्कामाला कोणती मर्यादा असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वस्तीची घडण

पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष आढळले. यावरून येथील नागर जीवनाची प्राचीनता ध्यानात येते. १७८२ मध्ये करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली आणि मंदिर व राजवाडा यांच्या सान्निध्यामुळे शहराच्या मध्यवस्तीला आजचे स्वरूप येऊ लागले. भवानी मंडप, जुना राजवाडा, गुजरी, महाद्वार रोड ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत.

या भागातील स्थलनामे ही इतिहासाची साधनेच होत. तटबंदी नाहीशी झाली तरी गंगावेस हे नाव वेशीची आठवण देते. कपिलतीर्थ आणि वरुणतीर्थ ही तळी बुजविली गेली. पहिल्याच्या जागी मंडई आणि दुसऱ्याच्या जागी गांधी मैदान आले. नाव मात्र कपिलतीर्थ मंडईने टिकविले आहे. पायी फिरणाऱ्यालाच हे सारे उमगते.

मुक्कामाची परंपरा

बाहेरून आलेल्या माणसास सामावून घेण्याची रीत या शहरास नवी नाही. तीर्थक्षेत्री यात्रेकरूने पुजाऱ्याच्या घरी किंवा धर्मशाळेत उतरावे, हा जुना प्रघात होता. त्या व्यवस्थेत पाहुणा घराच्या सोप्यावर राही आणि घरच्या दिनक्रमाशी जुळवून घेई. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसली आणि मुक्कामाची ठिकाणे हळूहळू स्थानकाच्या बाजूसही वाढत गेली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यामुळे खेड्यातील मुलाला शहरात हक्काचे छप्पर मिळाले. यात्रेकरू व विद्यार्थी यांचे हेतू भिन्न असले तरी दोघांनाही शहराने परके मानले नाही.

मुक्कामाने काय साधते

जुन्या पेठांचे जीवन दिवसाच्या दोन टोकांस अधिक स्पष्ट दिसते. पहाटे मंदिरातील काकड आरती, तालमीत घुमणारे मल्ल, सकाळ-संध्याकाळ गंगावेशीत समोर पिळून दिले जाणारे म्हशीचे धारोष्ण दूध, शुक्रवारी रात्री निघणारी देवीची पालखी, नवरात्रात अष्टमीच्या रात्री होणारी नगरप्रदक्षिणा यांपैकी बहुतेक गोष्टी दुपारच्या प्रवाशास दिसत नाहीत. किंबहुना या गोष्टी प्रवाशांसाठी घडतच नाहीत. त्या रहिवाशांच्या आहेत, आणि म्हणूनच त्या पाहण्याजोग्या आहेत. मुक्काम करणारा पाहुणा वस्तीचा काही काळ शेजारी होतो. त्याच्या खर्चाचा वाटाही दूधवाला, खानावळ, चप्पल लाइनीतील कारागीर यांच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते.

मुक्कामाची मर्यादा

परंतु मुक्कामाच्या सोयीच वस्तीच्या मुळावर येऊ शकतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे किरणोत्सव. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना तसेच ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून व गरुड मंडपातून गाभाऱ्यात शिरतात आणि क्रमाने देवीचे चरण, मध्यभाग व मुख उजळतात. ही रचना गाभाऱ्यापुरती मर्यादित नाही. महाद्वारासमोरील मोकळे आकाशही तिचाच भाग होय. त्या मार्गातील इमारतींच्या उंचीमुळे किरणांना अडथळा येत असल्याचे वेळोवेळी निदर्शनास आले आहे. म्हणजेच देवीच्या दर्शनासाठी येणाऱ्यांची सोय म्हणून चढविलेला एखादा मजला त्या दर्शनाच्या सर्वोच्च क्षणाच्याच आड येऊ शकतो.

दुसरी मर्यादा लोकसंख्येची आहे. इटलीतील व्हेनिस शहराच्या ऐतिहासिक भागात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे पर्यटकांच्या निवासासाठी वळविली जाणे हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. २०२४ पासून तेथे एका दिवसाच्या पाहुण्यांकडून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेण्यास प्रारंभ झाला. इमारती टिकल्या, पण शेजार विरळ झाला.

समारोप

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने श्री महालक्ष्मी मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्यास मान्यता दिली. त्यामुळे या परिसरात पाहुण्यांची सोय कशी करावी, हा प्रश्न आता प्रत्यक्ष निर्णयाचा झाला आहे. यासंदर्भात दोन कसोट्या उपयुक्त ठरतात. पहिली, कोणत्याही निवासव्यवस्थेने सूर्यकिरणांची वाट अडवू नये. दुसरी, तिच्यामुळे राहते घर रिकामे होऊ नये. ‘निवास व न्याहारी’ योजनेसारख्या उपक्रमात यजमान स्वतःच्या घरात राहून पाहुण्यास खोली देतो. त्यामुळे जुन्या वाड्याची डागडुजी करण्यास त्यास आर्थिक आधार मिळू शकतो आणि घर नांदते राहते. मोठ्या वाहनतळांची व यात्री निवासांची गरज नाकारता येणार नाही. परंतु त्यांची जागा मध्यवस्तीबाहेर असणे श्रेयस्कर होय. पाहुणा चालत पेठेत यावा आणि त्याला तेथे दार उघडणारे कोणी तरी असावे, एवढे साधले तर करवीरचे आतिथ्य आणि करवीरची वस्ती ही दोन्ही टिकतील.