गुरूचे दिवे सूर्य लावत नाही

मे २०२४ मधल्या सौरवादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातला लाल प्रकाश टिपला. तेव्हापासून आकाशदर्शनाच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात मला एकच प्रश्न येतो. खरं तर तो प्रश्न नसतोच, निकालच असतो. "पृथ्वीवर सौरवाऱ्याने एवढा ध्रुवीय प्रकाश पडतो, मग गुरूचं चुंबक तर किती मोठं! तिथे सूर्य केवढी रोषणाई करत असेल!"

रोषणाई आहे, आणि ती आपल्यापेक्षा कितीतरी प्रखर आहे. पण तिचं वीजबिल सूर्याच्या नावावर फाडू नका. हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता सांगताना आवाज चढतो.

गुरू सूर्यापासून आपल्यापेक्षा ५.२ पट दूर आहे. सौरवारा पसरत जातो तसा विरळ होत जातो. पृथ्वीपाशी एका घन सेंटिमीटरमध्ये त्याचे साधारण पाच कण असतात. गुरूपाशी पाच घन सेंटिमीटर धुंडाळावेत तेव्हा एखादा हाती लागतो. यावर एखादा हुशार श्रोता म्हणतो, "पण अडवणारं क्षेत्रही मोठं आहे ना!" आहे. गुरूच्या चुंबकावरणाची शेपटी शनीच्या कक्षेपर्यंत जाते. म्हणून नुसता हिशोब पुरत नाही, त्या प्रकाशाची वागणूक पाहावी लागते. सूर्य शांत असला की पृथ्वीवरचा प्रकाश मंदावतो. गुरूच्या ध्रुवांभोवतीचं मुख्य कडं मात्र सूर्य शांत असो की खवळलेला, तेवतच असतं.

त्याला तेल घालते आयो. गुरूच्या या चंद्रावर जागते ज्वालामुखी आहेत, हे मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर १ च्या छायाचित्रांमध्ये लिंडा मोराबिटो यांच्या लक्षात आलं. आयोकडून दर सेकंदाला साधारण एक टन गंधक आणि ऑक्सिजन अवकाशात जातो. त्यातले अणू विद्युतभारित झाले, म्हणजे त्यांचा प्लाझ्मा बनला, की गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्यांना पकडतं आणि स्वतःबरोबर फिरवू लागतं. गुरूची गिरकी दहा तासांपेक्षाही कमी वेळात पुरी होते.

आता खळ्यावरची मळणी आठवा. तिवड्याला बांधलेल्या पातीत आतला बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो, बाहेरच्याला मात्र मोठं वर्तुळ कापायला धावावं लागतं. तो मागे पडला की दावं ताणलं जातं. गुरूपाशी तिवडाच फिरतो आणि बैलांना ओढतो, एवढाच फरक. आयोचा प्लाझ्मा बाहेर सरकत जातो तसा गुरूच्या गतीला पुरा पडत नाही, चुंबकीय बलरेषा मागे वाकतात आणि त्या ताणातून बलरेषांवरून प्रचंड विद्युतप्रवाह वाहू लागतात. इलेक्ट्रॉन वातावरणावर आदळतात आणि कडं उजळतं. ऊर्जा येते ती गुरूच्या गिरकीतून. शिवाय आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांना जोडणाऱ्या बलरेषा जिथे वातावरणात उतरतात, तिथे प्रत्येकाचा वेगळा ठिपका चमकतो. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत ते ठिपके दिसतात. सूर्याचं काम असतं तर त्यांनी चंद्रांच्या मागे कशाला फिरावं?

एवढं ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: "म्हणजे सौरवाऱ्याचा संबंधच नाही!" हेही चूक, आणि इथे तर शास्त्रज्ञांचीही फजिती झालेली आहे. २००१ मध्ये सिद्धान्ताचा अंदाज असा होता, की सौरवाऱ्याने चुंबकावरण दाबलं तर प्लाझ्मा आत ढकलला जाईल, त्याची गती वाढेल, ताण सैल होईल आणि प्रकाश मंदावेल. तर्क बिनतोड होता. पण २०१६ मध्ये जूनो यान गुरूजवळ पोचत असताना ते सौरवारा मोजत होतं आणि हबल ध्रुवांकडे पाहत होती. त्या निरीक्षणांत दाब वाढल्यावर मुख्य कडं अधिक उजळ झालेलं आढळलं. का, यावर अजून वाद चालू आहेत. म्हणजे दिवा गुरूचा, वात गुरूची, पण वाऱ्याच्या झोताने ज्योत हलते.

शनीचं वागणं पृथ्वी आणि गुरू यांच्या मधलं. जानेवारी २००४ मध्ये कॅसिनी यान सौरवारा मोजत असताना हबलने शनीचे ध्रुव टिपले, तेव्हा सौरवाऱ्याचा तडाखा पोचताच प्रकाश एकदम वाढलेला दिसला.

बाकीचे गैरसमज पटापट उरकतो. हबलच्या छायाचित्रांतला तो सुंदर निळा रंग डोळ्यांना दिसणारा नव्हे, अतिनील प्रकाशाला नंतर दिलेला आहे. गुरूचं चुंबकत्व लोखंडाच्या गोळ्यातून येत नाही. प्रचंड दाबाखाली धातूसारखा वागणारा हायड्रोजन ते निर्माण करतो. आणि 'ध्रुवीय' प्रकाश ध्रुवावरच असतो असंही नाही: नेपच्यूनचा चुंबकीय अक्ष त्याच्या भ्रमणाक्षाशी ४७ अंशांचा कोन करतो, म्हणून वेब दुर्बिणीला तो ग्रहाच्या मधल्या अक्षांशांवर सापडला. हे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं.

सौरवाऱ्याला श्रेय द्यायचंच असेल तर युरेनसकडे बघा. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर २ तिथून गेलं, तेव्हा चुंबकावरणात प्लाझ्मा जवळजवळ नव्हताच, भारित कणांचे प्रारण पट्टे मात्र विलक्षण तीव्र. त्यावरून युरेनसच्या चंद्रांवर प्लाझ्मा पुरवण्यासारखं काही घडत नसावं, असा निष्कर्ष निघाला आणि पुस्तकांत बसला. २०२४ मध्ये 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी'त आलेल्या शोधनिबंधासाठी जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या, तेव्हा कळलं की यान पोचण्याच्या जेमतेम काही दिवस आधी सौरवाऱ्याचा दाब सुमारे वीसपट वाढला होता आणि चुंबकावरण आक्रसलं होतं. अशी अवस्था तिथे पाच टक्क्यांहूनही कमी वेळ असते. आपण नेमके त्या वेळी गेलो. त्यानंतर युरेनसला दुसरं यान गेलेलं नाही.