झाड आपल्या अंगणातलं, परवानगी कौन्सिलची



एडिनबरात घर घेतलं, जमीन नावावर झाली, तरी मागच्या बागेतलं मोठं झाड मनात आलं म्हणून तोडता येतंच असं नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना याचं नवल वाटतं. कोकणातल्या वाडीत फणस पाडायला कोणाला विचारायचं? पण मुंबईतसुद्धा १९७५ च्या कायद्यापासून खाजगी आवारातल्या झाडाला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाडावर चिकटवलेली नोटीस पुष्कळांनी पाहिली असेल.

इथे स्कॉटलंडचा १९९७ चा नगररचना कायदा चालतो. कौन्सिल एखाद्या झाडासाठी संरक्षणाचा हुकूम काढते. मग लेखी परवानगीशिवाय त्याच्या फांदीलाही हात लावायचा नाही. शिवाय शहरात पन्नास जतन-विभाग आहेत, ग्रेंज, मर्चिस्टन वगैरे. तिथे हुकूम नसला तरी सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवावं लागतं. पाच फूट उंचीवर खोडाची जाडी ७५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मात्र सूट. नियम मोडला तर दंड २०,००० पौंडांपर्यंत, आणि खटला वरच्या कोर्टात गेला तर दंडाला मर्यादाच नाही. वर त्याच जागी नवीन झाड लावायचं ते जमिनीच्या मालकानं. बिल्डर तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो!

खरी गोम मुळांत आहे. नवी खोली बांधताना झाड कोणी तोडत नाही, पण पायासाठी चर खणतात, ट्रक उभा करतात, सिमेंट कालवतात. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. ती तुटली किंवा माती दाबली गेली की झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षांनी वाळतं. मग म्हणायचं, म्हातारं झालं होतं! म्हणून ब्रिटिश मानकाप्रमाणे खोडाच्या जाडीच्या बारा पट अंतरापर्यंतची जागा राखतात, आणि काम सुरू होण्याआधी भक्कम कुंपण घालतात. आधी, नंतर नव्हे.

मुलांनो, हे अंतर तुम्हीही काढू शकता. पाच फुटांवर खोडाभोवती दोरी गुंडाळा. त्या दोरीच्या जवळजवळ चौपट अंतर खोडापासून मोजा. खोड ५० सेंटिमीटर जाड असलं तर सहा मीटर होतात. आजोबांना टेपचं दुसरं टोक धरायला सांगा.

एडिनबराच्या जुन्या वस्तीत पडीक जागांवर बागा करणारे पॅट्रिक गेडिस आपल्याला परके नाहीत. १९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला, त्यात घरांच्या मधोमध बागा ठेवल्या. आपली तिन्ही गावं या एका माणसानं जोडली आहेत.

तेव्हा कोणाला घर वाढवायचं असेल तर नकाशा काढण्यापूर्वी कौन्सिलच्या नियोजन खात्याला विचारा की झाडावर हुकूम आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. शेजारच्या आवारातलं झाडही मोजा. त्याची मुळं कुंपण बघत नाहीत.